थीम पार्क आणि मोडलेला घोटा: कुबड्या घ्याव्यात की चाकं?

निवडुंग:
मंडळी, सल्ला हवा आहे. सात आठवड्यांपूर्वी जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि डाव्या घोट्याचं बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही. प्लास्टर निघालं, आता गुडघ्याखालपर्यंत येणारा पट्ट्यांचा बूट आहे. डॉक्टरांनी "अर्धंच वजन टाका, कुबड्या सोडू नका" असं बजावलंय.

बहिणीच्या मुलांना (वय ६ आणि ९) थीम पार्कला न्यायचं मी कधीचं कबूल केलंय. तिकिटं काढून झालीत आणि तो दिवस तीन आठवड्यांवर आलाय. पूर्ण दोन दिवस. डॉक्टर जा म्हणालेत, फक्त पाय सुजू द्यायचा नाही.

माझा कल कुबड्यांकडे आहे. घरात त्यांच्यावर छान सराव झालाय, जिनासुद्धा चढते. व्हीलचेअर घेतली तर बहिणीने दोन मुलं सांभाळायची आणि वर मलाही ढकलायचं, ते मनाला पटत नाही. नी-स्कूटर (गुडघा टेकवून रेटायची) आणि इलेक्ट्रिक स्कूटर (चालता न येणाऱ्यांसाठी असते ती, बसून चालवायची) यांच्याबद्दल नुसतं ऐकलंय. असा दिवस ज्यांनी स्वतः काढलाय त्यांनी कृपया लिहा.

खारुताई:
आधी लवकर बरी हो गं! आणि कुबड्या नको. एवढंच. सविस्तर रात्री लिहिते.

डोंगरवाटा:
>>घरात त्यांच्यावर छान सराव झालाय
ताई, घरातलं चालणं आणि तिथलं चालणं यांची तुलनाच होत नाही. मागच्या वेळी अशा पार्कात धडधाकट पायांनी गेलो होतो, रात्री घड्याळात बघितलं तर १४ किलोमीटर झाले होते. त्यात रांगेत उभं राहणं धरलेलंच नाही. आणि रांग चालण्यापेक्षा वाईट. चार पावलं पुढे, दहा मिनिटं थांबा, परत चार पावलं. कुबड्यांवर नुसतं उभं राहणंही कष्टाचं असतं.

तिरपागडा:
नी-स्कूटर! डोळे मिटून नी-स्कूटर घ्या. माझं पायाचं बोट आणि त्यामागचं हाड मोडलं होतं तेव्हा दोन महिने तीच वापरली. दुखरा पाय गुडघ्यात दुमडून गादीवर ठेवायचा, चांगल्या पायाने रेटा द्यायचा, हँडलला ब्रेक असतो. कुणी ढकलायला नको, हात दुखत नाहीत, शिवाय माणूस उभाच असल्यामुळे सगळ्यांशी डोळ्यांच्या पातळीवर बोलतो. माझ्या पुतण्याने तिला घंटी बसवून दिली होती, घरात मी आलो की सगळे बाजूला व्हायचे.

खारुताई:
रात्री लिहिते म्हटलं होतं, लिहितेच आता.

माझा गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता आणि मी अगदी निवडुंगसारखाच विचार केला होता. कुबड्या घेऊन गेले. पहिला तास मजेत. दुसऱ्या तासाला तळहात लाल. तिसऱ्या तासाला मी थकून कुबड्यांवर रेलायला लागले, म्हणजे सगळा भार काखेत. दुपारी एका बाकावर बसले ती संध्याकाळपर्यंत तिथेच. घरचे येऊन-जाऊन भेटत होते. सगळ्यांच्या पिशव्या माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या.

ढकलायला लागू नये म्हणून कुबड्या घेतल्या आणि त्यांचा अर्धा दिवस माझी काळजी करण्यात गेला. ओझं होऊ नये म्हणून जे केलं त्यानेच मी ओझं झाले. हे मी आजही विसरलेले नाही.

हलतंडुलतं:
फिजिओथेरपीत अठरा वर्षं काम करतेय, म्हणून थोडं सविस्तर.

खारुताई, त्या मुंग्या काखेतून जाणारी नस दाबल्यामुळे येतात. कुबडीचा वरचा भाग काखेला लागताच कामा नये. सरळ उभं राहिल्यावर काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटं फट हवी, मूठ मनगटाच्या रेषेत, आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं. वरचा भाग बरगडीला दाबून धरायचा आणि भार पूर्ण तळहातावर. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या कुबड्या दुकानातून आणल्या त्याच उंचीला असतात, कुणी खटका सरकवून बघितलेलाच नसतो. टोकाची रबरं झिजून गुळगुळीत झाली असतील तर बदला. पार्कात कुठे ना कुठे पाणी सांडलेलं असतंच.

निवडुंग, तुमच्यासाठी मुद्दा वेगळा आहे. "अर्धं वजन" हे थकलेल्या माणसाला पाळता येत नाही. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवून अर्धं वजन म्हणजे किती दाब, हे आज अजमावून बघा. मग तासभर चालून आल्यावर परत तोच दाब द्यायचा प्रयत्न करा. काटा कुठे जातो ते बघा.

साधन निवडताना सकाळी दहाला काय जमतं ते विचारू नका, संध्याकाळी सहाला काय जमेल ते विचारा. आणि एकच साधन निवडायचं असं कुठे आहे? मी तुम्हाला व्हीलचेअर घ्या म्हणेन, कुबड्या खुर्चीबरोबर असू द्या. लांबचा पल्ला चाकांवर; स्वच्छतागृह, राईडची पायरी आणि खुर्चीतून उठबस कुबड्यांवर.

तिरपागडा:
पण माझ्या नी-स्कूटरला नाव का ठेवताय? उत्तम पर्याय आहे की.

हलतंडुलतं:
नाव नाही ठेवत. घोटा किंवा पाऊल दुखावलेलं असेल तर ती चांगलीच आहे. गुडघा, मांडी किंवा खुबा दुखावलेला असेल तर मात्र बिलकूल नाही, कारण सगळा भार दुमडलेल्या गुडघ्यावर येतो. खारुताईंनी ती घेतली असती तर अनर्थ झाला असता. तुम्ही ती कुठे वापरलीत? घर, ऑफिस, लिफ्ट. तिथली जमीन सपाट. पार्कात फरसबंदी, गटाराच्या जाळ्या, रस्त्यात पुरलेले रूळ. छोटं चाक फटीत अडकलं की स्कूटर जागीच थांबते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. मोठ्या हवेच्या चाकांची मिळते, ती बरी. पण सगळं काम एकटा चांगला पाय करतो, तो तिसऱ्या तासाला भरून येतो. आणि रांगेत त्यावर बसता येत नाही.

तिरपागडा:
रुळांचं मान्य. मी सपाट फरशीच्या बाहेर नेलीच नव्हती. पायाचंही खरं आहे, माझी उजवी मांडी पहिला आठवडा दगडासारखी झाली होती. तरी दोन-तीन तासांच्या छोट्या ठिकाणासाठी मी नी-स्कूटरच सांगेन.

पाटीपेन्सिल:
हाताने धरायची गरज नसलेली एक कुबडी असते ना? गुडघ्याखाली पट्ट्यांनी बांधतात, दुमडलेली पोटरी मागे राहते. ती कशी?

हलतंडुलतं:
तोल उत्तम आणि वय तरुण असेल तर. शिकायला वेळ लागतो. गर्दीत मागून एखादं मूल येऊन आपटलं तर सावरणं कठीण. इथे नको.

झुळूक:
मी इलेक्ट्रिक स्कूटरवाली. टाच मोडली होती, तीन दिवस पार्कातच भाड्याने घेतली. चालवायला सोपी आहे. अंगठ्याने खटका दाबला की चालते, सोडला की आपोआप ब्रेक लागतो. वेगाच्या बटणावर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला असतो. मुलांना तेवढंच पाहिजे होतं, दिवसभर "मावशी, ससा कर!" पण गर्दीत कासवच ठेवावं. पुढचे लोक चालता चालता एकदम थांबतात, आणि बसलेलं माणूस त्यांच्या नजरेत येतच नाही.

दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. पहिली, सकाळी चार्ज किती दाखवतो ते बघून घ्या. माझी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला बंद पडली. बदली मिळाली, पण पाऊण तास गेला. दुसरी, बऱ्याच राईडच्या रांगा वळणावळणाच्या आणि अरुंद असतात, तिथे स्कूटर बाहेर लावून त्यांच्या साध्या व्हीलचेअरमध्ये बसावं लागतं. म्हणजे ढकलणारं माणूस लागलंच!

तीन चाकांची छोट्या जागेत वळते, पण उतारावर वेगात वळवली तर कलंडू शकते. चार चाकांची भक्कम. आणि लहान मुलाला मांडीवर घेऊ नका, कितीही हट्ट केला तरी. बहुतेक ठिकाणी नियमातच बसत नाही.

डोंगरवाटा:
ढकलणाऱ्याच्या बाजूनेही लिहितो. वडिलांना (वजन ८५ किलो) खुर्चीतून दिवसभर फिरवलंय. सपाटीवर काही वाटत नाही, चढ आला की मनगटं आणि कंबर बोलते. खुर्ची दोन प्रकारची असते. एकीची मागची चाकं मोठी, २४ इंची, बसलेला माणूस स्वतः हाताने फिरवू शकतो. दुसरीची चारही चाकं लहान, ती फक्त ढकलायची. गाडीच्या डिकीत मावते म्हणून लोक दुसरी घेतात आणि पस्तावतात. मोठं चाक खडबडीवर सहज चढतं आणि बसलेल्याने सपाटीवर थोडा हातभार लावला तरी ढकलणाऱ्याचं निम्मं काम हलकं होतं.

पायरीवरून उतरताना खुर्ची पाठमोरी करा, मोठी चाकं आधी खाली. तीव्र उतारावरही उलटंच, म्हणजे बसलेला माणूस पुढे घसरत नाही. जड पिशवी मुठींना अडकवू नका, माणूस उठला की खुर्ची मागे उलटते. उठताना पावलं ठेवायच्या पट्ट्या आधी बाजूला करा, त्यांच्यावर उभं राहिलं तर पुढे उलटते. या दोन्ही गोष्टी आमच्याकडे घडल्यात.

पाटीपेन्सिल:
अवांतर: घडीची व्हीलचेअर कशी आली ते या निमित्ताने सांगतो, मला फार आवडणारी गोष्ट आहे. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचा अमेरिकन खाण-अभियंता खाणीतल्या अपघातात पाठीला मार बसून अधू झाला. तेव्हाच्या खुर्च्या अवजड, मोटारीत मावत नसत. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज हाही अभियंता. दोघांनी १९३३ च्या सुमारास फुलीसारख्या आडव्या नळ्यांची, मिटणारी पोलादी खुर्ची बनवली. आजही भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक खुर्च्यांखाली वाकून बघा, ती फुली दिसेल.

खारुताई:
किती सुंदर! मित्राला फिरायला जाता यावं म्हणून. अवांतर अजिबात नाही हे.

चाकोरी:
मी अकरा वर्षं व्हीलचेअर वापरते, कायमची. निवडुंग, तुमचं "मनाला पटत नाही" वाचून थांबले.

तुम्ही त्या खुर्चीत फक्त दोन दिवस बसणार आहात. लोक काय म्हणतील, अंगठा हलतोय तरी बसलीय म्हणतील का, हे मनात येणार. उठून उभ्या राहिलात की कुणीतरी बघणारही. बघू दे. खुर्ची वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना थोडं चालता येतं. मलाही आधार धरून चार पावलं टाकता येतात. चालता येणं आणि दिवसभर चालता येणं यातला फरक माझ्यासारख्यांना रोज समजवावा लागतो, तुम्ही दोन दिवस समजवा.

बहिणीला मात्र आधीच सांगून ठेवा: न विचारता खुर्ची हलवायची नाही, आणि मला भिंतीकडे तोंड करून उभी करायची नाही. हसू नका, हे रोज घडतं. चांगली प्रेमाची माणसं फोन आला की खुर्ची सोडून चार पावलं बाजूला जातात आणि आपण एखाद्या खांबाकडे बघत बसतो. थांबलं की दोन्ही ब्रेक, अगदी सपाटीवरही.

आणखी एक. व्हीलचेअर म्हणजे रांग चुकवायची चिठ्ठी नव्हे. बऱ्याच पार्कांत खुर्ची नेहमीच्या रांगेतूनच जाते. जिथे पायऱ्या आहेत तिथे रांग जितकी लांब तितक्या वेळाने परत यायला सांगतात. वेळ तेवढाच लागतो, फक्त उन्हात उभं राहावं लागत नाही. "चला, खुर्ची आणली, आता भराभर" म्हणणारे नातेवाईक भेटले की मला मनापासून वाईट वाटतं.

निवडुंग:
चाकोरीताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मनाला पटत नाही असं लिहिताना मी फक्त माझा विचार करत होते. क्षमा करा आणि मनापासून आभार.

काल प्रयोग केला. जवळच्या मैदानाला कुबड्यांवर फेऱ्या. ४० मिनिटांत डाव्या तळहाताला फोड. काट्यावर पाय ठेवला तर सकाळपेक्षा पुष्कळ जास्त दाब जात होता, आणि मला तो जाणवतही नव्हता. कुबड्यांचा विषय संपला.

आता प्रश्न: खुर्ची स्वतःची न्यावी की तिथे भाड्याने? आणि राईडचं काय? बुटासकट बसू देतात का?

झुळूक:
भाड्याची खुर्ची पहिल्या येणाऱ्याला पहिली असं असतं बऱ्याच ठिकाणी, आधी राखून ठेवता येत नाही. उघडायच्या वेळेला जा. पण पाय आडवा ठेवायची उचलती पट्टी त्या खुर्च्यांना सहसा नसते. तुला सुजेची काळजी आहे, तर ती पट्टी हवीच. त्यासाठी बाहेरून, औषधाच्या साहित्यवाल्याकडून घ्यावी लागेल. आणि वाहनतळापासून दारापर्यंतचं अंतर विसरू नकोस, पार्कची खुर्ची दाराच्या आत मिळते.

डोंगरवाटा:
राईडबद्दल: प्रत्येक राईडचे नियम वेगळे. पार्कच्या संकेतस्थळावर अपंग पाहुण्यांसाठी माहितीपत्रक असतं, त्यात कुठे खुर्चीसकट चढता येतं, कुठे खुर्चीतून उठून बसावं लागतं ते राईडवार लिहिलेलं असतं. प्लास्टर किंवा कडक बूट असेल तर वेगवान राईडवर बहुधा नाहीच म्हणतात. एक तर तो पाय दांडीच्या मागे नीट बसत नाही. दुसरं, मध्येच राईड थांबली तर उंचावरून जिन्याने उतरावं लागतं. तेव्हा चालकावर चिडू नका. "बूट काढून बसते" हा मार्ग तर मुळीच नको.

हलतंडुलतं:
वरच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. हाड जुळतंय, जुळलेलं नाही. एका झटक्यात सात आठवडे वाया जातील.

पाण्याच्या राईडसुद्धा नको. ज्यांना प्लास्टर आहे त्यांनी विशेष लक्ष द्या: फायबरचं प्लास्टर बाहेरून भिजलं तरी टिकतं, पण आतला कापूस ओला राहतो आणि कातडी खराब होते.

बूट घालून एका बाजूची उंची वाढते. चांगल्या पायात जाड तळव्याचा जोडा घाला, नाहीतर कंबर धरेल. बसल्या बसल्या दर तासाला बोटं हलवा, मांडीचे स्नायू आवळा-सोडा. आणि हे नीट वाचा: पोटरी एकाएकी दुखायला लागली, सुजून गरम आणि लाल झाली तर सहल तिथेच थांबवून डॉक्टर गाठायचा. पाय बांधून ठेवलेल्या माणसाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो. त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका.

पाटीपेन्सिल:
विमानाने जाणाऱ्या कुणासाठी उपयोगी पडेल म्हणून: स्वतःची घडीची इलेक्ट्रिक स्कूटर नेणार असाल तर बॅटरीवर वॅट-अवर किती लिहिलंय ते बघा. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॅट-अवरपर्यंतच चालते, ती काढून केबिनमध्ये जवळ ठेवायची, आणि विमान कंपनीला आधी कळवून परवानगी घ्यायची.

तिरपागडा:
निवडुंगताई, काय ठरलं मग?

निवडुंग:
मंडळी, जाऊन आले! मोठा वृत्तांत लिहायचाय, पण धाग्यापुरतं सांगते.

मोठ्या चाकांची खुर्ची बाहेरून भाड्याने घेतली, पाय उचलायच्या पट्टीसकट. कुबड्या बहिणीने पाठीमागे पट्ट्याने बांधल्या. आदल्या दिवशी सगळ्यांनी घरासमोर सराव केला. नऊ वर्षांचा भाचा ब्रेकचा प्रमुख झाला, थांबलं की "डावा लागला, उजवा लागला" असं ओरडून सांगायचा. सपाटीवर मीच चाकं फिरवली. त्यासाठी सायकलचे हातमोजे न्यायला हवे होते, ते सुचलं नाही. तळहात काळे झाले.

आडवा ठेवलेला पाय खुर्चीच्या बराच पुढे येतो. रांगेत तो पुढच्या माणसाला लागेल ही धास्ती सतत होती, आणि वळणावर भिंतीला लागेल ही त्याहून जास्त. शेवटी रांगेत पट्टी खाली घ्यायची आणि बाहेर आलं की वर, असं केलं. सूज आली, पण रात्री पाय उशीवर ठेवल्यावर सकाळी उतरली.

संथ राईड चार केल्या. एका होडीत खुर्चीसकट गेले. एका ठिकाणी चालकाने बूट बघून नाही म्हटलं, मी खाली थांबले. चाकोरीताई, बहिणीने खुर्ची राईडकडे तोंड करून लावली, म्हणजे मुलं वर गेल्यावर मला दिसतील. मी तिला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मोठा चढ होता, बहीण दमली, तेव्हा राहिलेल्या वेळासाठी इलेक्ट्रिक स्कूटर मिळते का विचारलं. संपल्या होत्या. पुढच्या वेळी दुसऱ्या दिवसाला सकाळीच स्कूटर घेईन.

चाकोरी:
होडीत खुर्चीसकट! मला त्या होडीचं सविस्तर हवंय. फळी किती रुंद होती, वळवायला जागा होती का, खुर्ची बांधली कशी?

मोगरीचं_फूल:
नवीन सभासद आहे, धागा पूर्ण वाचला. माझा घोटा फक्त मुरगळलाय, फ्रॅक्चर नाही. डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकायला परवानगी दिलीय, काठी घेऊन चालते. अर्ध्या दिवसाची सहल आहे. काठी पुरेल का? की बसायची सोय असलेला चाकांचा वॉकर घेऊ?

हलतंडुलतं:
दोन्ही पायांवर वजन टाकता येत असेल तर तो वॉकर चांगला, रांगेत टेकता येतं. बसण्याआधी ब्रेक खाली दाबून पक्का करा, आणि तुम्ही बसलेल्या असताना कुणाला ढकलू देऊ नका, तो त्यासाठी बनवलेला नसतो. काठीच घेणार असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. कोणता घोटा आहे?

मोगरीचं_फूल:
उजवा. आणि मी काठी उजव्याच हातात धरत होते!

हलतंडुलतं:
डाव्या हातात घ्या आणि उद्या घरात दहा मिनिटं चालून बघा. काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे. कसं वाटतं ते इथेच लिहा.

निवडुंग:
चाकोरीताई, फळी खुर्चीपेक्षा वीतभर रुंद, दोन्ही कडांना उचललेली किनार. आत वळायला जागा नव्हती, म्हणून उलटं ढकलत आत नेलं आणि सरळ बाहेर आलो. जमिनीतल्या कड्यांना पट्टे लावून पुढची-मागची चाकं बांधली. फोटो बहिणीच्या फोनमध्ये आहेत, मागवलेत.